उसनी साक्ष

माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या आयुष्यात आजवर काहीही घडलेलं नाही. ही चहाडी नव्हे. ते स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगतात आणि वर हसतात. कधी हाड मोडलं नाही, कधी घर गळलं नाही, कधी नोकरी गेली नाही. लग्नसुद्धा इतकं सुरळीत झालं की आमच्या आईला पुढे कितीतरी दिवस चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. जावयाशी भांडायला एक मुद्दा म्हणून मिळाला नाही तिला.

भाऊजी लिफ्टची कामं करतात. उंच, किडकिडीत माणूस. बोटांच्या पेरांत ग्रीस असं मुरलंय की लग्नाच्या फोटोतही ते दिसतं. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायचं, दोर तपासायचे, ब्रेक बघायचा, मग मजल्यामजल्यावर उतरत दारांच्या खाचांतला केर काढायचा. त्या केरात काय काय सापडतं ते ऐकण्यासारखं आहे. केसांच्या पिना, बटणं, एकदा तर कवळीचा अर्धा भाग. ती कवळी घेऊन हा माणूस इमारतीतल्या प्रत्येक दारावर गेला, आणि प्रत्येक दारात लोकांनी तोंड घट्ट मिटून "आमची नाही" असं मानेनं सांगितलं. हा किस्सा सांगताना भाऊजी स्वतःच इतके हसतात की शेवट आम्हालाच सांगावा लागतो.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की पहिला फोन त्यांनाच जातो. एकदा एक गृहस्थ बाहेर आले ते ओरडतच. भाऊजींनी आधी त्यांना पाणी दिलं आणि मग म्हणाले, "हं, आता ओरडा." ते गृहस्थ आता दर नवीन वर्षाला त्यांना शुभेच्छा पाठवतात. असा सगळा गोड कारभार. मी शाळेत गणित शिकवते, मला इतका गोडवा झेपत नाही, म्हणून मी त्यांना येता-जाता टोमणे मारते. मेहुणीचा तो हक्कच आहे, आणि तो मी कधी बुडवलेला नाही.

तर अशा माणसावर एका वर्षी साक्ष द्यायची पाळी आली.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. चर्च म्हणजे एक लांबट, बसक्या छताची खोली, तिच्यात लाकडी बाकं आणि एक ऑर्गन, ज्याचा एक सूर कायम दमेकऱ्यासारखा निघतो. मूल जाणतं झालं की त्याचं दृढीकरण होतं. लहानपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी माझ्या वतीनं जो विश्वास कबूल केला तो आता माझा, असं ते मूल सगळ्यांसमोर सांगतं. हे पुष्कळ ठिकाणी असतं. आमच्याकडे एक जास्तीची गोष्ट आहे. मुलानं निवडलेलं घरातलं एक मोठं माणूस त्याच्या शेजारी उभं राहतं आणि देवानं स्वतःला आपल्यापुढे कसं प्रकट केलं ते सांगतं. ती साक्ष. साक्ष संपली की पाळकसाहेब मुलाला विचारतात, "ही साक्ष तुला खरी वाटते का?" मूल "होय" म्हणतं आणि मगच गुडघे टेकतं. "नाही" म्हटलं तर पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नाही, कारण तसं आजवर कुणी म्हटलेलंच नाही.

साक्षी आमच्याकडे एकापेक्षा एक आहेत. बेकरीवाल्यांची भट्टी फुटली तेव्हा ते नेमके मीठ आणायला बाहेर गेले होते. निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंना खिडकीपाशी स्वतःच्या नावाची हाक ऐकू आली होती. एका काकांच्या खोलीत उजेड पडला होता, आणि तो उजेड दर वर्षी थोडा थोडा वाढत जातो. लोकांना या साक्षी तोंडपाठ आहेत. कुणी तपशील गाळला तर मागून दुरुस्ती येते. आणि या सगळ्यांत आमच्या आईचा मान मोठा, कारण तिच्याकडे एक नाही, तीन साक्षी आहेत.

म्हणून भाऊजींच्या मुलीचं दृढीकरण ठरलं तेव्हा ती आजीलाच उभं करणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. आईनं तर ठेवणीतली शालही उन्हाला टाकली होती. ही मुलगी शब्दाला शब्द लावते म्हणून घरात तिला वकीलबाई म्हणतात. जेवताना वकीलबाई म्हणाली, "बाबा, माझ्या वेळी तुम्ही उभे राहा."

भाऊजींचा घास हातातच राहिला. "मी? मी काय सांगणार? माझ्या बाबतीत देवानं काही केलेलंच नाही."

"काहीही काय बोलता!" ताई उसळली. "मी आले ना तुमच्या आयुष्यात?"

"ते तुझ्या आईनं केलं."

आम्ही हसलो. वकीलबाई हसली नाही. "जे असेल ते सांगा," ती म्हणाली. "पण मला विचारतील तेव्हा मी खरं तेच बोलणार. खोटं वाटलं तर नाही म्हणणार. आधीच सांगून ठेवते, मग म्हणाल सांगितलं नाही."

मी तिला स्वयंपाकघरात नेऊन झापलं. भर मंडळीत बापाला खोटं पाडणार का, हे शिकवलं का आम्ही, वगैरे सगळं. ती ओट्याला टेकून उभी होती. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "मावशी, सगळ्यांनाच होतं का तसं? हाक, उजेड वगैरे?"

"बहुतेकांना होतं म्हणतात बाई," मी म्हटलं. "तुझी उलटतपासणी पुरे, भांडी पूस."

तिनं भांडी पुसली. पण म्हणणं मागे घेतलं नाही.

त्यानंतर भाऊजी देवाच्या मागे लागले. पहाटे गच्चीवर जाऊन बसू लागले, कारण पवित्र शास्त्रात बहुतेकांना देव उंचावरच भेटलाय. तिथे त्यांना कबुतरं भेटली आणि सणसणीत सर्दी झाली. मग एकदा कामावर शिडी घसरली. संध्याकाळी घरी आले ते आनंदानं, "अगं, आज मी मरता मरता वाचलो!" असं सांगतच. ताईनं घाबरून विचारलं, किती उंचावरून पडलात? तेव्हा कळलं की खालच्या पायरीवरून, आणि तेही सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर. त्यावर साक्ष उभी राहीना. त्यांनी दोनतीनदा ती उभी करून पाहिली, पण गठ्ठा काही केल्या लपेना.

शेवटी ते पाळकसाहेबांकडे गेले. मला ओढून नेलं, कारण त्यांना एकट्यानं देवाबद्दल बोलायचा संकोच वाटत होता. पाळकसाहेब दाराच्या कड्या-बिजागऱ्यांना तेल घालत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, देव प्रकट झालेलाच आहे. त्यानं केलेल्या जगातून तो दिसतो, त्याच्या वचनातून बोलतो, आणि तो कसा आहे ते ख्रिस्तात त्यानं पुरतं दाखवलंय. साक्ष म्हणजे त्यापलीकडचं काही नवीन शोधून आणायचं नसतं."

"ते मला मान्य आहे हो," भाऊजी काकुळतीला येऊन म्हणाले. "पण ते सगळ्यांचं झालं. माझं काय?"

पाळकसाहेबांनी तेलाची बाटली बंद केली, विचार केला, आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "ते मला कसं माहीत असणार?"

परत येताना जिन्यात भाऊजी थांबले. हसणारा माणूस हसत नसला की त्याचा चेहरा अनोळखी वाटतो. म्हणाले, "तिला वाटेल बाबा इतकी वर्षं नुसतेच बाकावर बसत आले. आत काही नाही. आणि माझ्यात काही नाही म्हणजे या सगळ्यातच काही नाही, असं ठरवून ती निघून जाईल. तिनं मला नाही म्हटलं तर मी सोसेन गं. तिनं देवालाच नाही म्हटलं तर?"

मी टोमणा न मारता त्यांच्या बरोबरीनं चालू लागले. असं क्वचित होतं.

आणि मग आई मध्ये पडली. ती म्हणाली, "जावईबापू, जीव कशाला टांगणीला लावता? माझ्याकडे तीन आहेत. एक घ्या."

भाऊजींना वाटलं ती थट्टा करतेय. आई थट्टा करत नव्हती. "तापाची सगळ्यांना माहीत आहे, आगगाडीचीही माहीत आहे. पण पुलावरची मी कुणाला सांगितलेली नाही. म्हातारपणासाठी राखून ठेवली होती."

"आई, तुझं वय काय?" मी विचारलं.

"म्हणजे अजून म्हातारपणाला वेळ आहे," ती म्हणाली आणि भाऊजींकडे वळली. "धुकं होतं. मी लाकडी पुलावरून जात होते. मागून कुणीतरी नावानं हाक मारली. वळले, तर कुणी नाही. आणि पुढे पाहते तर पुलाची फळी निखळलेली. आणखी एक पाऊल टाकलं असतं की संपलं होतं. एवढीच आहे, पण घोटीव आहे."

"आई, हे धडधडीत खोटं आहे!"

"खोटं कसं? घडलेलं आहे की. फक्त कुणाला घडलं तेवढं बदललं. दागिना नाही का आपण घरातल्या घरात देत? तसंच हे."

भाऊजींनी नको नको म्हणून पाहिलं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी तर सासूबाईंनी स्वतः पुढे केलेली. झालं, वकीलबाई संध्याकाळी शिकवणीला गेली की आमच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू. आई ओट्यापाशी उभी राहून शिकवायची. "हाक म्हटल्यावर थांबायचं. श्वास घ्यायचा. लोकांना मान वळवू द्यायची. मग फळी." भाऊजी घामाघूम व्हायचे. ताई कपाळाला हात लावून बसायची. मी मात्र, खरं सांगायचं तर, मजा बघत होते.

दृढीकरणाच्या रविवारी बाकं भरली होती. भाऊजींनी लग्नातला कोट घातला होता. वकीलबाई पांढऱ्या कपड्यांत त्यांच्या शेजारी उभी, ओठ घट्ट मिटलेले. आई पहिल्या बाकावर, शाल पांघरून, परीक्षेला बसलेल्या मुलाच्या आईसारखी.

भाऊजींनी घसा साफ केला. "एकदा मी एका लाकडी पुलावरून जात होतो. दाट धुकं होतं." बरं चाललं होतं. "मागून कुणीतरी मला हाक मारली." थांबले. श्वास घेतला. लोकांनी माना वळवल्या. आई खूश झाली. "मी वळलो. माझ्या हातात विणकामाची पिशवी होती."

चर्चमध्ये हालचाल झाली. बेकरीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं.

"पिशवी वगळा!" आई कुजबुजली. तिची कुजबुज ऑर्गनच्याही वर जाते.

भाऊजी थांबले ते थांबलेच. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, खाली जमिनीकडे पाहत होती. तिला ते पुलावरच्या धुक्यापासूनच कळलं होतं, हे तिच्या मानेवरून दिसत होतं.

"ही माझी साक्ष नाही," भाऊजी म्हणाले. "सासूबाईंची आहे. मी उसनी आणली होती."

हशा पिकला. काकांनी, ज्यांचा उजेड दर वर्षी वाढतो, सगळ्यांत मोठ्यानं हसून घेतलं. भाऊजीही सवयीनं हसले, पण मग कोटाची बाही ओढत तसेच उभे राहिले. पाळकसाहेबांनी त्यांना खाली बसा म्हटलं नाही. थांबून राहिले.

"माझ्याकडे स्वतःचं तसं काही नाही," भाऊजी म्हणाले. आता शिकवलेला आवाज गेला होता, घरातला आला होता. "उजेड नाही, हाक नाही. मी रोज दुपारी मशीनरूममध्ये प्रार्थना करतो, जेवायच्या आधी. इतक्या वर्षांत एकदाही उत्तर ऐकू आलेलं नाही. आता हे इथे सांगण्यासारखं नाही, म्हणून सांगत नव्हतो."

कुणीतरी खोकलं.

"पण एक आहे. लिफ्ट अडकली की आत कुणी आहे का ते बघावं लागतं. कधी कधी आतला माणूस इतका घाबरलेला असतो की हाकेला ओ देत नाही. आणि कधी लिफ्ट रिकामीच असते. दोन्ही वेळा बाहेर काहीच ऐकू येत नाही. पण दाराशी उभं राहिलं की मला कळतं. रिकामी लिफ्ट वेगळी असते आणि आत माणूस गप्प उभा असलेली वेगळी असते. कसं कळतं ते नाही सांगता येणार. सगळ्याच लिफ्टवाल्यांना कळत असेल." त्यांनी बोटं कोटाला पुसली. "मशीनरूममध्ये उत्तर येत नाही. पण तिथे रिकामं आहे असं मला आजवर कधी वाटलं नाही. वाईट दिवस होता तेव्हाही नाही. कोणीतरी आहे. गप्प आहे, पण आहे."

आता कुणी हसत नव्हतं.

"तो कोण आहे, कसा आहे, ते मात्र माझं मला कधी कळलं नसतं. नुसतं कोणीतरी आहे एवढंच कळलं असतं, तर एखादवेळी भीतीच वाटली असती. ते मला इथे कळलं, या बाकावर बसून. दर रविवारी येशूबद्दल वाचतात त्यातून. ज्याच्या जवळ कुणी जात नाही त्या रोग्याला तो हात लावतो. मित्र गेला म्हणून रडतो. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठीच क्षमा मागतो. मशीनरूममध्ये जो गप्प असतो तो हाच, असं मी मानतो. दुसरा कुणी असेल असं मला वाटतच नाही." ते जरा थांबले. "झालं. एवढंच आहे."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मुलीकडे वळून नेहमीचा प्रश्न विचारला, पण नेहमीपेक्षा हळू. "ही साक्ष तुला खरी वाटते का?"

ताईनं माझा हात असा आवळला की माझी अंगठी रुतली.

"कोणती?" वकीलबाईनं विचारलं. "पुलावरची की नंतरची?"

"नंतरची," पाळकसाहेब म्हणाले.

तिनं मान वर केली. मला वाटलं आता ही नाही म्हणणार, आणि मी मनातल्या मनात तिला दोन धपाटे घातले. मग तिनं बापाच्या कोटाची बाही धरली.

"होय," ती म्हणाली. आणि मग पाळकसाहेबांना नव्हे, बापाला म्हणाली, "मलाही काहीच ऐकू येत नाही, बाबा. मी किती प्रयत्न केला. मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे. सगळ्यांना भेटतो आणि मलाच नाही."

ती हे हळूच म्हणाली होती, पण त्या खोलीत काही लपत नाही. इतके दिवस आम्ही सगळे तिला वकील समजत होतो, आणि पोर जीव मुठीत धरून बसली होती.

भाऊजींनी तिचा खांदा धरला. "मग आपण दोघं आहोत," ते म्हणाले.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून शाल सावरत आई उठली. मला वाटलं आता ही आपली साक्ष परत मागणार. "पुलावरची हाक ऐकली तेव्हा मी तुझ्याएवढी होते गं," ती नातीला म्हणाली. "ताप आणि आगगाडी त्याच्याही आधीची. त्यानंतर जन्म गेला, एकदाही काही ऐकू आलेलं नाही. मी रोज बसते तरी. तुझ्या बाबांसारखीच बसते." आणि जशी उठली तशी बसली.

मागे पोस्टमास्तरीणबाई रुमालात नाक शिंकरत होत्या. काका छताकडे पाहत होते.

वकीलबाईनं गुडघे टेकले. आणि भाऊजींनीही टेकले, कोट सांभाळत, तिच्या शेजारी. मोठ्यांनी गुडघे टेकायची आमच्याकडे पद्धत नाही. पाळकसाहेब क्षणभर गोंधळले. मग त्यांनी एक हात मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि दुसरा बापाच्या.